स्टारमध्ये रीडिंगला ‘डिड नॉट मीट’ आलं म्हणून भारताची तिकिटं रद्द करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नुकतीच चौथी संपवून पाचवीत जाणार, दोन वर्षांपूर्वी भारतातून टेक्सासला आली. तिसरीत स्टार परीक्षेत (टेक्सासची दर वर्षीची राज्य परीक्षा) रीडिंगला जेमतेम ‘अप्रोचेस’, म्हणजे काठावर पास, मिळालं होतं, यंदा ‘डिड नॉट मीट’, म्हणजे नापास. जूनच्या मध्याला निकाल लागला आणि पाठोपाठ शाळेचं पत्र आलं की १५ तासांचं अ‍ॅक्सलरेटेड इन्स्ट्रक्शन, म्हणजे मागे पडलेल्या मुलांसाठीचं जादाचं शिकवणं, घ्यावं लागेल, त्यासाठी जुलैमध्ये समर प्रोग्रॅम आहे. इकडे जूनच्या शेवटाची भारताची तिकिटं काढून झालीत. आईचे प्रश्न तीन: तिकिटं रद्द करायची का, नाही पाठवलं तर मुलीला पुन्हा चौथीत बसवतील का, आणि त्याऐवजी खासगी क्लास लावला तर चालेल का.

मी टेक्सासमध्येच एलिमेंटरी शाळेत रीडिंग शिकवते आणि हे असलं पत्र हातात घेऊन आलेले आईबाबा दर वर्षी बघते, आपले मराठीही त्यात असतातच. आधी सरळ सांगते, तिकिटं रद्द करू नका. पण जाण्याआधी दोन-चार कामं करा, त्यातली बरीचशी एका ईमेलमध्ये होतील. आणि खरं सांगायचं तर समर प्रोग्रॅम हा तुमचा मोठा प्रश्न नाहीच. मुलगी नेमकी कशात कमी पडली हे अजून कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही आणि ते पुढच्या एप्रिलच्या परीक्षेआधी कोण भरून काढणार हे ठरलेलं नाही, हा प्रश्न आहे.

पहिली भीती आधी काढून टाकू, म्हणजे वर्ग रिपीट करायची. पूर्वी टेक्सासमध्ये पाचवी आणि आठवीत स्टार पास झाल्याशिवाय पुढे ढकलायचे नाहीत असा नियम होता, तोही २०२१ मध्ये हाऊस बिल ४५४५ आलं तेव्हा गेला. चौथीला तर तो नियम नव्हताच. आता नुसत्या स्टारच्या निकालावरून तुमच्या मुलीला मागे ठेवत नाहीत, प्रमोशन ठरतं ते तुमच्या डिस्ट्रिक्टच्या (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) पॉलिसीनं, म्हणजे वर्षभराचे ग्रेड्स, हजेरी वगैरे. रिपोर्ट कार्डवर रीडिंग पास असेल आणि हजेरी ठीक असेल तर ती पाचवीत जाणार. रिपोर्ट कार्डवरही रीडिंग नापास असेल तर मात्र माझं हे उत्तर बदलतं. काही डिस्ट्रिक्ट अशा मुलांना समर स्कूल करूनच पुढे पाठवतात आणि ते स्टारच्या पत्रापेक्षा वेगळं पत्र असतं. तर हातातलं पत्र नक्की कुठलं आहे ते आधी बघा, कारण दोन्हींच्या डोक्यावर ‘समर’च लिहिलेलं असतं आणि लोक गोंधळतात.

आता ‘घ्यावं लागेल’ या भागाकडे येऊ. परीक्षेत कमी पडलेल्या मुलाला जादाचं शिकवणं ही जबाबदारी कायद्यानं डिस्ट्रिक्टवर टाकलेली आहे, आणि ते निकालानंतरच्या उन्हाळ्यात किंवा पुढच्या शाळेच्या वर्षात द्यायचं असं त्यात आहे. ‘किंवा’ आहे तिथे! शाळांना उन्हाळा सोयीचा पडतो, वर्षभराच्या टाइमटेबलमध्ये जागा शोधावी लागत नाही, म्हणून पत्र असं लिहितात की वाचणाऱ्याला वाटावं जुलै चुकला म्हणजे सगळं संपलं. तसं नाहीये. जुलैत मुलगी नसेल तर ते १५ तास ऑगस्टनंतर शाळेनंच द्यायचे आहेत, आणि वर्षात द्यायचे असतील तर आठवड्यातून निदान एकदा तरी द्यायचे असतात.

१५ चा आकडा कुठून आला तेही सांगते. २०२१ च्या कायद्यात सरसकट ३० तास होते आणि एका शिक्षकामागे तीन मुलं, शाळांना ते झेपेना. मग २०२३ मध्ये हाऊस बिल १४१६ आलं त्यात थोडी ढील दिली. खूपच खालचा स्कोअर असेल तर ३० तास, नाहीतर १५, गटात चारपर्यंत मुलं चालतील आणि एका वर्षात जास्तीत जास्त दोन विषयांसाठी. म्हणजे तुमच्या पत्रात १५ लिहिलंय याचा अर्थ मुलगी अगदी तळाशी नाहीये, हे कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

आईबाबांना लेखी देऊन यातून सूट किंवा बदलही मागता येतो, आणि शाळेनं तुम्हाला ‘सूट घ्या ना’ म्हणून भरीला घालायचं नाही असंही कायद्यात आहे. माझं मत विचाराल तर सूट घेऊ नका. बरेच आपले लोक घेतात, कारण त्यांना वाटतं मुलीवर शिक्का बसेल किंवा तिला ‘ढ’ मुलांच्या गटात टाकतील. अहो, चार मुलांत एक शिक्षक फुकट मिळतोय, बाहेर त्याला काय पैसे पडतात ते एकदा विचारून बघा. शिवाय या तासांसाठी मुलीला मुख्य विषयांच्या तासातून, आर्ट-म्युझिकसारख्या विषयांतून किंवा रिसेसमधून उचलून नेता येत नाही, तेवढं संरक्षण आहे.

उन्हाळ्यातले तास आणि वर्षातले तास यात फरक पडतो का? माझ्या मते पडतो. रोज तीन तास धरले तर १५ तास म्हणजे जुलैतले पाच दिवस, शाळेनं दोन आठवडे म्हटलं असलं तरी बस, नाश्ता, हजेरी जाऊन हाती तितकंच उरतं. तेच सप्टेंबरपासून आठवड्याला अर्धा-अर्धा तास दोनदा केलं तर १५ आठवडे, म्हणजे साधारण नाताळच्या सुट्टीपर्यंत. चौथीतलं मूल लिहायला शिकतं ते लिहून, कोणीतरी तपासून, पुन्हा लिहून, आणि मधे चार दिवस गेलेले असले तर जास्त पक्कं होतं. पाच दिवसांत ते कोंबता येत नाही. उन्हाळ्याचा प्रोग्रॅम वाईट असतो असं मी म्हणत नाहीये, ज्या घरात दोन्ही आईबाबा कामावर आणि मूल दिवसभर टीव्हीसमोर त्या घरासाठी तो चांगलाच आहे, फक्त सहा आठवडे आजी-आजोबांकडे राहण्याच्या बदल्यात तो घ्यावा इतका काही तो मोठा नाही.

आता मुद्द्याचं. टेक्सास असेसमेंटची जी वेबसाइट आहे तिथे फॅमिली पोर्टल आहे, मुलीचा अ‍ॅक्सेस कोड रिपोर्टवर छापलेला असतो, नसेल तर शाळेच्या ऑफिसला मागा. तिथे लॉगिन केलंत की नुसता स्कोअर दिसत नाही तर प्रश्नही दिसतात आणि मुलीनं काय उत्तर दिलं तेही दिसतं. तिनं टाइप केलेला निबंधसुद्धा! बहुतेक आईबाबा ‘डिड नॉट मीट’ वाचून तिथेच थांबतात, आत कोणी जातच नाही. तुम्ही जा, आणि पहिल्यांदा मोठ्या लेखी उत्तराचे गुण बघा.

कारण २०२३ पासून ही परीक्षा बदललीय. पूर्वी रायटिंगची वेगळी परीक्षा चौथीत आणि सातवीत असायची, आता तिसरीपासूनच रीडिंगच्या पेपरात एक उतारा वाचून त्यावर मोठं उत्तर लिहायचं असतं. त्याला १० गुण. पाचपैकी मार्क देतात, विचार आणि मांडणीला तीन, भाषेच्या शुद्धतेला दोन, आणि ते दुप्पट करतात. आणि यात एक खाच आहे जी आपल्या मुलांना नेहमी नडते: विचार-मांडणीला शून्य मिळालं तर शुद्धलेखनालाही शून्यच. म्हणजे एकही स्पेलिंग चुकलेलं नाही, वाक्यं छान आहेत, अक्षरशः व्याकरणाचा आदर्श नमुना आहे, तरी दहापैकी शून्य.

कसं होतं ते दाखवते. समजा उतारा एका मुलीचा आहे, ती शाळेच्या मागे बाग लावते, रोपं मरतात, ती शेजाऱ्याला विचारते, माती बदलते, पुन्हा लावते. प्रश्न असतो, ही मुलगी चिकाटीची आहे हे लेखकानं कसं दाखवलंय ते समजावून सांग, उताऱ्यातला पुरावा दे. आपलं मूल लिहितं: चिकाटी फार महत्त्वाची असते, माझ्या आजीकडेही बाग आहे, आपण कधीही हार मानू नये, मी पण एकदा सायकल शिकताना पडलो होतो. गोड आहे, मनापासून लिहिलेलं आहे आणि भारतातल्या शाळेत त्याला बरे मार्क पडले असते कारण तिथे ‘चिकाटी’वर निबंध असाच लिहितात. इथे त्याला काहीच नाही, उताऱ्यातलं एक वाक्य सुद्धा त्यात आलेलं नाही ना. हवं ते असं: पहिली रोपं वाळल्यावर ती बाग सोडून देत नाही, उलट शेजाऱ्याकडे जाऊन कारण विचारते, यावरून दिसतं की अपयश आल्यावर ती उपाय शोधते. उताऱ्यातली गोष्ट आणि मग ‘यावरून दिसतं की’, एवढंच. ही सवय आहे, हुशारी नाही, आणि सवय १५ तासांत लागू शकते जर कोणी नेमकी हीच शिकवली तर. भलं मोठं रीडिंग पॅकेट सोडवून घेतलं तर नाही लागणार.

आणखी एक, ही उत्तरं आता बहुतांशी कॉम्प्युटर तपासतो, माणसं त्यातला काही भाग पुन्हा बघतात. त्यावरून पालकांमध्ये बरीच आरडाओरड झाली आणि माझाही त्यावर फार जीव नाहीये, पण तपासणारा कोणीही असो, उताऱ्यातला पुरावा नसेल तर गुण नाहीत हे दोन्हीकडे सारखंच आहे.

मोठ्या उत्तरात शून्य किंवा दोन असेल आणि बाकी ऑप्शनवाले प्रश्न बरे असतील तर निश्चिंत राहा, मुलीला वाचता येतंय, लिहून दाखवता येत नाहीये. उलट ऑप्शनवाल्या प्रश्नांतच बरेच चुकले असतील, रिपोर्टवरचा लेक्साइल (वाचनाची पातळी सांगणारा आकडा) पण खाली असेल, तर मग वाचनाकडेच बघायला हवं, आणि तिथे मी तुम्हाला दोन प्रश्न विचारीन.

पहिला, शाळेत नाव घातलं तेव्हा होम लँग्वेज सर्व्हे भरला होता त्यात घरातली भाषा काय लिहिलीत? इथे आपले निम्मे लोक ‘इंग्लिश’ लिहितात. कोणीतरी ओळखीचं सांगतं की मराठी लिहिलंत तर ईएसएलला, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या वर्गाला, टाकतील, मागे पडेल. मग होतं काय, घरात चोवीस तास मराठी ऐकणारं मूल कागदावर इंग्लिश मातृभाषेचं ठरतं आणि भाषेची जी मदत त्याच्या हक्काची आहे ती मिळतच नाही. मराठी लिहिलं असेल तर मुलीची भाषेची चाचणी झाली असेल, गरज वाटली असेल तर ती इमर्जंट बायलिंग्वल (अजून इंग्लिश शिकणारं मूल) म्हणून नोंदली गेली असेल, दर वर्षी टेलपास ही इंग्लिश भाषेची राज्य परीक्षा देत असेल, आणि तिच्यासाठी एलपॅक नावाची कमिटी असते जी ठरवते की स्टारच्या वेळी तिला काय काय सवलती द्यायच्या. तसं असेल तर टेलपासचा निकाल स्टारच्या शेजारी ठेवून वाचा. टेलपासमध्ये रायटिंग मागे आणि लिसनिंग-स्पीकिंग पुढे असेल तर दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलीचं हे अगदी नेहमीचं चित्र आहे. बोलणं लवकर येतं, अभ्यासाचं इंग्लिश यायला कितीतरी जास्त वर्षं लागतात, म्हणून घरी ‘ती फाडफाड बोलते मग नापास कशी’ असं वाटत राहतं. इंग्लिश लिहून बसला असाल तर तो कागद नंतर सहजासहजी बदलत नाही, तरी ईएसएल टीचरशी मोकळेपणी बोला, वर्गातल्या वर्गात बरंच करता येतं.

दुसरा प्रश्न, मराठी वाचताना कशी वाचते? भारतात पहिली-दुसरी झालेली आहे म्हणजे थोडंफार येत असणार. मराठीही अडखळत, अक्षरं गाळून, ओळ चुकवून वाचत असेल तर इंग्लिश हे कारण नसू शकतं. टेक्सासमध्ये डिस्लेक्सियाचं, म्हणजे अक्षरं वाचण्यातल्या अडचणीचं, स्क्रीनिंग केजीत आणि पहिलीत होतं, तुमची मुलगी तिसरीत आली, म्हणजे ते तिचं झालेलंच नाही. शंका असेल तर शाळेला लेखी इव्हॅल्युएशन मागा, तोंडी नको, लेखी मागितलं की शाळेला १५ शालेय दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शंका नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या, उगाच घाबरू नका.

खासगी क्लासचं म्हणाल तर लावा हवा तर, पण तो शाळेच्या १५ तासांत आपोआप धरला जात नाही, शाळेची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. आणि बहुतेक क्लासेस वर्कशीटवर वर्कशीट देतात, त्यात ऑप्शनवाले प्रश्न सुधारतील, लिहिणं जिथल्या तिथे. लावायच्या आधी विचारा की आठवड्यातून एकदा तरी मूल उतारा वाचून परिच्छेद लिहितं का आणि तो कोण तपासतं. उत्तर देताना समोरचा चाचरला तर पैसे वाचवा.

आता ईमेल, जो तुम्ही विमानात बसायच्या आधी पाठवायचा आहे. प्रिन्सिपल आणि शाळेच्या काउन्सेलर दोघांना, कारण उन्हाळ्यात एकजण रजेवर असतोच. लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्ही परदेशात आहोत म्हणून जुलैच्या प्रोग्रॅमला येऊ शकत नाही, पण आम्ही अ‍ॅक्सलरेटेड इन्स्ट्रक्शन नाकारत नाही आहोत, ते शाळा सुरू झाल्यावर द्यावं. हे ‘नाकारत नाही’ स्पष्ट लिहाच, नाहीतर ‘पालकांनी नको म्हटलं’ अशी नोंद होऊन फाइल बंद व्हायची. पुढे विचारा की तास कधी सुरू होतील, कुठल्या वेळात घेणार, गटात किती मुलं, आणि माणूस शिकवणार की सॉफ्टवेअर. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. राज्यानं मान्य केलेली काही ऑनलाइन प्रोग्रॅम आहेत, ती वापरली तर चार मुलांची मर्यादा शाळेला लागू होत नाही, मग वीस मुलं हेडफोन लावून बसलेली असतात आणि १५ तास पूर्ण झाले असा कागद येतो. वाचनाच्या सरावाला ती प्रोग्रॅम ठीक असतील, पण तुमच्या मुलीचा गोंधळ लेखी उत्तरात असेल तर तिला माणूस हवा, तिचा परिच्छेद वाचून ‘हे कुठे लिहिलंय दाखव’ म्हणणारा. शक्य तितकं एकाच माणसानं सगळे तास घ्यावेत असं कायदाही म्हणतो, तेही विनंती म्हणून टाका.

कधीकधी शाळा उत्तर देईल की तास वगैरे काही नाहीत, तुमच्या मुलीला अमुक टीचरच्या वर्गात घालतोय. तेही नियमात बसतं, राज्यानं मास्टर, एक्झेम्प्लरी किंवा रेकग्नाइज्ड असा दर्जा दिलेले शिक्षक असतात, त्यांच्या वर्गात मूल घातलं की वेगळे तास द्यावे लागत नाहीत. असं उत्तर आलं तर भांडू नका, मला विचाराल तर मी १५ तासांपेक्षा वर्षभर तसा शिक्षक घेईन.

भारतात असताना काय करायचं असं तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगते, वर्कबुकं बॅगेत भरू नका. आजीनं मराठी गोष्ट वाचावी किंवा मुलीनं वाचून आजीला सांगावी, आणि मग आजीनं फक्त एवढंच विचारावं, ‘तो राजा लोभी होता हे तुला कशावरून कळलं?’ कशावरून, कुठे लिहिलंय, दाखव. हे मराठीत झालं तरी चालतं, पुरावा शोधायची सवय भाषा बदलली म्हणून पुसली जात नाही. आठवड्यातून दोनदा तिनं त्याच गोष्टीवर इंग्लिशमध्ये चार-पाच वाक्यं टाइप करावीत, हातानं नको, टाइपच, कारण परीक्षा ऑनलाइन आहे आणि चौथीतल्या मुलांचा अर्धा वेळ कीबोर्डवर अक्षरं शोधण्यात जातो. तुम्ही स्पेलिंग काढत बसू नका, ‘यावरून दिसतं की’ आलंय का तेवढं बघा.

पाचवीचं वर्ष मात्र हलकं घेऊ नका. सलग दोन वर्षं त्याच विषयात डिड नॉट मीट आलं तर डिस्ट्रिक्टला मुलीसाठी लेखी प्लॅन करावा लागतो, ती का मागे पडतेय, कोण काय करणार वगैरे. ती शिक्षा नाही, पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये. पाचवीत सायन्सचाही स्टार असतो, म्हणजे एप्रिल आणखी भरगच्च. २०२७-२८ पासून स्टार जाऊन त्याजागी वर्षात तीन छोट्या परीक्षा येणार आहेत, पण तुमच्या पाचवीच्या वर्षात तो बदल आलेला नसेल तर त्याची वाट बघत थांबू नका.

हे सगळं एलिमेंटरीचं झालं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं मूल हायस्कूलमध्ये असेल आणि अल्जेब्रा वन किंवा इंग्लिश वनच्या एंड ऑफ कोर्समध्ये (त्या विषयाच्या हायस्कूलच्या स्टार परीक्षेत) नापास झालं असेल तर माझं ‘खुशाल जा’ तुम्हाला लागू नाही. त्या परीक्षा ग्रॅज्युएशनला जोडलेल्या आहेत, फेरपरीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते, तर जूनची तारीख बघून मगच तिकिटं काढा. आणि मुलाचा आयईपी (विशेष गरजांसाठीचा शाळेचा लेखी आराखडा) असेल तर त्याचे निर्णय एआरडी कमिटीत, म्हणजे आईबाबा आणि शाळेच्या बैठकीत, होतात, तिथे वर लिहिलेलं जसंच्या तसं धरू नका.

परत आलात की शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, टीचरना वर्ग बसवू द्या, मग त्या ईमेलच्या खालीच उत्तर टाकून विचारा की तास सुरू झाले का. ऑक्टोबर उजाडला तरी सुरू नसतील तर कॅम्पसच्या पुढे डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला लिहा, तोच जुना ईमेल जोडून.